आईच्या मंगळसूत्राची वाटी, शिवाजी पार्कची लाल माती आणि नोक्ता सिम्प्लेक्स प्लस मेटल डिटेक्टर: वापरून बघितलेला अनुभव

मराठीत मेटल डिटेक्टरचा रिव्ह्यू शोधला तर मला तरी एकही धड सापडला नाही, जे मिळाले ते सगळे गुप्तधनवाले, म्हणून हा लिहितेय. ज्यांची अंगठी, चेन, वाटी मैदानात नाहीतर बागेत पडलीय आणि आत्ता घाबरून फोनवर शोधाशोध चाललीय त्यांच्यासाठी आहे हा, म्हणून सगळ्यात कामाचं आधीच सांगते: जिथे पडलं असं वाटतंय तिथे काहीतरी खूण ठेवा आणि मगच हला. रुमाल ठेवा, दगड ठेवा, काहीही ठेवा. बाकीचं पुढे वाचा.

जानेवारीतली गोष्ट. आई रोज सकाळी सहाला शिवाजी पार्कला फिरायला जाते, तीस वर्षं झाली. त्या दिवशी उद्यान गणेशाला नमस्कार करून कट्ट्याच्या आतल्या बाजूने चालताना तिने थंडी वाजते म्हणून शाल ओढून घेतली आणि शालीचा धागा मंगळसूत्रात अडकून ते वाढलं. आमच्याकडे तुटलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात, आई फोनवर रडत होती तेव्हासुद्धा "वाढलं गं" असंच म्हणाली. मी धावत पोचले तर आई अनवाणी उभी. चपला तिने त्या जागी काढून ठेवल्या होत्या खूण म्हणून, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला जरा बाजूने जा हो बाजूने जा हो असं सांगत होती. त्या चपलांमुळेच पुढचं सगळं होऊ शकलं, हे मी आज ठामपणे सांगू शकते.

एक वाटी शालीतच अडकलेली मिळाली. दुसरी गेली. आणि गेली ती माहेरची, आजोबांनी कुडाळच्या सोनाराकडून करून घेतलेली, दीड ग्रॅमची असेल फार तर. पैशात बघायला गेलं तर नवीन करून घेता आली असती, बाबा तर लगेच म्हणाले की आजच जाऊन करून आणू. पण आई म्हणाली की सासरची आहे हातात आणि माहेरची मातीत पडलीय आणि मी घरी जाऊन चहा पिऊ का. यावर काय बोलणार.

पहिले दोन तास आम्ही मोबाईलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरून शोधलं, ही युक्ती चांगली आहे, उजेड आडवा पडला की छोट्या वस्तूचीपण सावली लांब पडते आणि दिसते. काळे मणी मिळाले, मोजून ४३. वाटी नाही. तोपर्यंत शेकडो लोक तिथून चालत गेले होते, त्यात धूळ उडू नये म्हणून मैदानात पाणी मारतात ते मारून झालेलं, म्हणजे चिखल. शेजारच्या काकांनी स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक आणून दिलं, मनापासून आणून दिलं, पण सोनं चुंबकाला चिकटत नाही, त्याने फक्त खिळे गोळा होतात.

मग मी घाईत पहिली चूक केली. ऑनलाईन एक स्वस्तातलं मशीन मागवलं, सहा हजार आठशेचं, नाव देत नाही, काटा असलेलं मीटर आणि त्यावर सोन्याची खूण. घरी टाइल्सवर आईची अंगठी ठेवली तर वाजलं, आम्ही खूश. मैदानात नेलं तर जमिनीजवळ नेलं की आपलं आपणच वाजतंय, खिळ्यावरपण काटा सोन्यावर जातोय, थोडं वर उचललं की गप्प. परत करायला गेले तर बॉक्स उघडला म्हणून रिटर्न नाही. दुसरं म्हणजे ओळखीतून एक माणूस आला, म्हणे मी शोधून देतो, पाच हजार ॲडव्हान्स आणि सापडलं तर निम्मी किंमत, मशीन दाखवा म्हटलं तर हातात दोन वाकड्या पितळी सळया. त्याला चहा दिला आणि पाठवला. कृपा करून असल्या माणसांना पैसे देऊ नका, माणूस हवालदिल असतो तेव्हाच हे येतात.

आता खऱ्या मशीनकडे येते. माझा मावसभाऊ, आम्ही दादा म्हणतो, लंडनजवळ राहतो आणि त्याला हा छंद आहे. तिकडे हा छंद बराच चालतो पण नियमपण कडक, जागामालकाची परवानगी लागते, थेम्सच्या काठावर शोधायचं तर पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. दादा नाताळात आला होता तेव्हा मुलांना कोकणात गंमत दाखवायला मशीन घेऊन आला होता आणि बॅग जड झाली म्हणून मावशीकडे ठाण्यालाच ठेवून गेला होता. मी फोन केला तर म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस, आत्ताच्या आत्ता जाऊन घेऊन ये."

तर हे मशीन म्हणजे नोक्ता सिम्प्लेक्स प्लस. नोक्ता ही तुर्कस्तानातली कंपनी, इस्तंबूलची. मशीन १२ किलोहर्ट्झचं, वजन साधारण १.३ किलो, पुढची चकती म्हणजे कॉइल ११ इंची, आतली बॅटरी चार्ज करायची, तीन मीटर पाण्यात बुडालं तरी चालतं. बाहेर हे अडीचशे-तीनशे डॉलरच्या आसपास मिळायचं, आता याच कंपनीची याच नावाची पुढची मॉडेल आली आहेत. सोबत दादाचा एक गॅरेटचा प्रो-पॉइंटर होता, गाजराएवढा नारिंगी दांडा, बोटाने दाखवावं तसं नेमकी जागा दाखवायला. हा छोटा दांडा अर्ध्या यशाचा धनी आहे, फक्त मोठं मशीन घेऊन उपयोग नाही हे लक्षात ठेवा.

काम कसं करतं ते मला जसं समजलं तसं सांगते. चकतीतून सेकंदाला बारा हजार वेळा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, खाली धातू असला की त्यात बारीक प्रवाह फिरायला लागतात, ते प्रवाह स्वतःचं क्षेत्र तयार करतात आणि चकतीतली दुसरी तारेची गुंडाळी ते पकडते. परत येणारा सिग्नल किती उशिरा येतो त्यावरून धातूचा अंदाज, आणि तो स्क्रीनवर ० ते ९९ मधल्या आकड्यात दिसतो. लोखंड खाली, चांदी आणि तांबं वर, आणि सोनं बिचारं मधे. आणि मधेच कोण कोण असतं तर ॲल्युमिनियमची चांदी म्हणजे फॉइल, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं, पेयांच्या कॅनचे कान. म्हणजे कुठलंही मशीन "हे सोनं" असं सांगत नाही, सांगणारा विकणारा असतो. सोनं हवं असेल तर मधल्या आकड्याचा प्रत्येक कचरा उकरावाच लागतो, याला दुसरा रस्ता नाही.

पण आमच्याकडे एक गोष्ट होती जी बहुतेकांकडे नसते, ती म्हणजे जोडीची वाटी. दादा व्हिडिओ कॉलवर म्हणाला की मावशीला सांग, दुसरी वाटी जमिनीवर ठेव आणि कॉइल फिरवून आकडा बघ, दोन्ही साधारण सारख्या वजनाच्या असतील तर आकडापण जवळपास तोच येणार. आई जमिनीवर ठेवायला तयार होईना. मंगळसूत्राची वाटी मातीत कशी ठेवू, एक पडलीय ती पुरे नाही का. मग तिने पर्समधून धुतलेला पांढरा रुमाल काढला, चार घड्या करून अंथरला, वाटीला दोरा ओवून त्याचं दुसरं टोक स्वतःच्या बोटाला गुंडाळलं आणि मग वाटी त्यावर ठेवली. मी कॉइल दोन बोटं वरून फिरवली. ३१. परत फिरवली, ३२. आडवी फिरवली, ३२. आईने लगेच वाटी उचलून डोळ्यांना लावली आणि पर्समध्ये ठेवली. तेव्हापासून आमच्यासाठी ३२ हा आकडा म्हणजे आजोबा.

शिवाजी पार्कात शोधणं सोपं नाही, त्याची कारणं खास तिथली आहेत. एक तर लाल माती. कोकणातली जांभ्याची माती लाल असते ती लोहामुळे, इथली लालीपण तीच, म्हणजे मशीनला जमीनच धातूसारखी वाटते. सिम्प्लेक्समध्ये यासाठी ग्राउंड बॅलन्स आहे, बटण दाबून धरायचं आणि कॉइल जमिनीवर वरखाली करायची, पंप मारल्यासारखी, चारपाच वेळा केलं की मशीन त्या मातीला ओळखून गप्प बसतं. हे मी दर पंधरावीस मिनिटांनी करत होते, कारण ओली आणि सुकी माती वेगळी वागते. स्वस्तातल्या मशीनमध्ये हेच नव्हतं, म्हणून ते भुंकत होतं. दुसरं म्हणजे खिळे. इतकी वर्षं या मैदानावर सभा, दसरा मेळावा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांसाठीचे मंडप, क्रिकेटचे तंबू, त्या सगळ्याचे खिळे आणि तारा मातीत आहेत. पार्क मोडमध्ये लोखंडाचा आवाज कमी करता येतो, पूर्ण बंद करू नका असं दादाने बजावलं होतं कारण खिळ्याशेजारी सोनं असलं तर तुटका आवाज येतो तो कळायला हवा. तिसरं, शहरातली वीज. जमिनीखालच्या केबल, दिव्याचे खांब, टॉवर, यामुळे मशीन उगाच कुरकुरतं, तर सेन्सिटिव्हिटी दोन घरं खाली आणली आणि फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची सोय आहे ती वापरली, बरंच शांत झालं. स्वतःचा मोबाईल खिशात ठेवू नका, मी पर्समध्ये आईकडे दिला होता.

मैदान महापालिकेचं आहे, तिथल्या माणसाला आधी विचारलं. तो म्हणाला खेळपट्ट्यांकडे जायचं नाही आणि खड्डा ठेवायचा नाही, एवढं सांभाळा. आम्ही खुरपंसुद्धा नेलं नाही, एक जुना उलथना आणि बोटं, आणि उकरलेली माती प्रत्येक वेळी परत दाबून पायाने सपाट केली. नुकतंच पडलेलं काही खोल जातच नाही, दोनचार बोटांत असतं, फूटभर खणणारे लोक उगाच मैदान खराब करतात.

चपलांची जागा मध्यात धरून सुतळीने चौकोन पाडले. पहाटे सव्वापाच ते सात, म्हणजे गर्दीच्या आधी. मशीनला पुढे छोटा एलईडी दिवा आहे आणि स्क्रीनलापण उजेड, पहाटेच्या अंधारात त्याचा फार उपयोग झाला. पहिल्या दिवशी खिळे २७, बाटल्यांचे बिल्ले ११, गोळ्यांची पाकिटं मी मोजायची सोडली. आपली एक-दोन रुपयाची स्टीलची नाणी फार फसवतात, ती चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची असतात त्यामुळे आकडा कधी खाली कधी वर असा उड्या मारतो. तीन वेळा स्थिर ३२ आला आणि तीनही वेळा चुरगळलेली फॉइल निघाली, तिसऱ्या वेळी आई मागे वळून उभी राहिली, मला तिचा चेहरा दिसू नये म्हणून. एकदा ८० च्या वर आकडा आला, खणखणीत, आणि मातीतून एक चांदीचं जोडवं निघालं. त्याचं पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी मी हळू फिरवायला शिकले. यात सगळं हेच आहे, हात घड्याळाच्या लंबकासारखा पण सावकाश, कॉइल जमिनीला समांतर, टोकाला वर उचलायची नाही, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. केर काढताना आई जशी एक हात जागा परत झाडते ना, तसं. पावणेसात वाजता चपलांपासून अकरा फुटांवर, कट्ट्याकडच्या झाडाच्या मुळाशी, ३२. उलट बाजूने ३२. नव्वद अंशात फिरून ३१, ३२. आवाज छोटा पण गोल, दोन्ही टोकांना तुटत नव्हता. नारिंगी दांडा टोचला तर थरथरला. बोटाने माती बाजूला केली तर आधी काळा मणी दिसला. मी हात मागे घेतला आणि आईला म्हटलं, "आई तू काढ." आई खाली बसली, गुडघे दुखतात तरी बसली, आणि तीन बोटांनी वाटी उचलली, आत चिखल भरलेला, तारेचा तुकडा आणि तो एक मणी अजून अडकलेला. पदराने पुसली. बोलली काहीच नाही. बाबांना फोन मीच लावला.

आता ज्यात यश आलं नाही तेपण सांगायला हवं. बातमी पसरल्यावर बिल्डिंगमधल्या एका वहिनींची अंगठी दादरच्या चौपाटीवर पडली होती ती शोधायला गेलो. सुक्या वाळूत मशीन मस्त चाललं, पण अंगठी पडली होती लाटांच्या पट्ट्यात, तिथे ओल्या खाऱ्या वाळूवर पाऊल ठेवलं की बडबड सुरू. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीच्या कुठल्याही मशीनला ओली खारी वाळू जड जाते, बीच मोडमध्ये आवाज कमी होतो पण बारीक सोनंपण त्यात लपतं. अशा जागेला एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारी मशीन किंवा पल्स इंडक्शन प्रकारची मशीन चांगली, पण ती महाग. त्यात दोन भरत्या येऊन गेलेल्या. नाही सापडली. वहिनींना मी तोंडदेखलं काही सांगितलं नाही, नाही मिळाली म्हणून सांगितलं, फार वाईट वाटलं.

आणि बारीक साखळी पडली असेल तर आशा जरा कमी ठेवा. साखळीची प्रत्येक कडी मशीनला वेगळी दिसते, त्यामुळे दोन तोळ्यांची चेनसुद्धा कडीएवढाच आवाज देऊ शकते, फासा किंवा पेंडंट असेल तर त्यावर सापडते. अंगठी सगळ्यात सोपी, वाटी त्याच्या खालोखाल, कानातल्याचं मळसूत्र मात्र महाकठीण.

घ्यावं का? एका दागिन्यासाठी नवीन मशीन घेऊ नका, कुणाकडे तरी असतं, विचारा, परदेशात राहणारे नातेवाईक, ट्रेकिंगवाले, कुणीही. पण एखाद्या मोठ्या सोसायटीने किंवा कट्ट्यावरच्या फिरायला येणाऱ्या मंडळींनी मिळून एक घेऊन ठेवलं तर खरंच उपयोग आहे, मी आमच्याकडे हा विषय काढलाय. जड अजिबात नाही, आईने अर्धा तास फिरवलं. शिकायला दोन दिवस पुरतात, बटणं मोजकी आहेत. माझ्याकडून पाचात साडेचार, अर्धा ओल्या वाळूचा कापला.

लोक विचारतात की हे कायद्यात बसतं का. स्वतःची वस्तू परवानगी घेऊन शोधताय तर घाबरायचं कारण नाही. पण किल्ले, लेणी, जुनी देवळं अशा संरक्षित जागी मशीन घेऊन जाऊ नका, तिथे खणणं गुन्हा आहे. जमिनीत पुरलेलं जुनं काही मिळालं आणि ते दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. आणि दुसऱ्याची हरवलेली वस्तू मिळाली तर ती आपली होत नाही, मालक शोधायचा प्रयत्न न करता ठेवून घेणं हा जुन्या आयपीसीच्या कलम ४०३ पासून गुन्हाच आहे. हॉलमार्कचा अलीकडचा दागिना असेल तर त्यावर सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक म्हणजे एचयूआयडी असतो, १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुठल्या सराफाचा ते कळतं, मालकापर्यंत पोचायला तेवढा धागा पुष्कळ. आपल्याकडे झारेकरी हे काम पिढ्यानपिढ्या करत आलेत, सोनारांच्या दुकानासमोरची धूळ धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतात, ते कष्टाचं काम आहे आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण मैदानात पडलेली अंगठी म्हणजे धूळ नाही, तिला नाव असतं.

आईने मंगळसूत्र परत गाठवून घेतलं, यावेळी पक्क्या तारेत, मिळालेले सगळे काळे मणी तेच ठेवून, कमी पडले तेवढेच नवीन घातले.

आणि ते जोडवं. आम्ही जवळच्या पोलीस चौकीत जमा केलंय, नोंद करून. डाव्या की उजव्या पायातलं ते कळत नाही, वरती तीन वेढे आहेत आणि आतल्या बाजूने झिजून अगदी पातळ झालंय, म्हणजे खूप वर्षं घातलेलं आहे. आई रोज फिरायला जाते तेव्हा बायकांना विचारते. उद्यान गणेशाच्या पुढे कट्ट्याच्या आतल्या बाजूला कुणाचं जोडवं पडलं असेल, तुमच्या आजीचं, सासूबाईंचं, कुणाचंही, तर दुसऱ्या पायातलं घेऊन चौकीत जा, जोडी जुळली की देतील.